बॉनेटवर गम नव्हता

“ब्लेड मारलं असतं तर आत्तापर्यंत घरी जाऊन आडवा झालो असतो.”

धाकटा हे स्वतःशीच पुटपुटला, पण तो बॉनेटच्या एका अंगाला आणि ताई दुसऱ्या अंगाला, मध्ये फक्त गाडीचं नाक. एवढ्या अंतरावरून लहानपणी ताईला त्याच्या पोटातली गुरगुरसुद्धा ऐकू यायची.

“मार की ब्लेड,” ती म्हणाली. “मग सोललेल्या पत्र्याला मलम लावत बस.”

“मी तुला बोललो का?”

“नाही, गाडीला बोललास. गाडीच्या वतीने मी उत्तर दिलं.”

मागे स्टुलावर बसलेली भावजय खुसखुसली. तिच्या हातात केस वाळवायचा ड्रायर होता, तिचा स्वतःचा. ताईच्या दुकानातली हीट गन ऐन वेळी जळाली होती, म्हणून तो आणावा लागला होता, आणि त्याबद्दल ती सकाळपासून बोलून घेत होती. “ताई, हा मी परत डोक्याला लावणार आहे हं. केस पोपटी झाले तर तुमच्या दारात येऊन बसेन.”

“ये. दुकानाची जाहिरात होईल.”

दुकान म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. शटर अर्धं वर केलं की रस्त्यावरून आतल्या माणसांचे फक्त पाय दिसत. गाड्यांच्या नंबरप्लेटी, दुकानांच्या काचांवरची नावं, शाळेच्या बसवरच्या पट्ट्या आणि अलीकडे अख्ख्या गाडीला रंगीत व्हिनाइलचं आवरण चढवणं, हे सगळं ताई करायची. शिकवलं कुणी नव्हतं. तिने आपल्याच जुन्या व्हॅनची दारं चिकटवून, उपटून, पुन्हा चिकटवून ती विद्या मिळवली होती. शिकत असताना व्हॅन इतकी विद्रूप झाली की चोर तिच्याकडे ढुंकून बघत नसत, हा तिच्या मते फायदाच होता.

आज तिच्यासमोर उभी होती ती बाबांची गाडी. मुळात पांढरी. गेली काही वर्षं पोपटी.

तो पोपटी रंग ताईनेच निवडला होता. बाबांचं कंबरेचं हाड मोडलं आणि नंतर ते काठीशिवाय उभे राहिलेच नाहीत. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना असा की धडधाकट माणूस मध्ये थांबून दम खातो. धाकट्याच्या घरी पाहुणा आला तरी पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न. शेवटी शुश्रूषागृह ठरलं. सकाळी दुकान उघडण्याआधी ताईने जायचं, दुपारी छापखान्यातली पाळी संपली की धाकट्याने. बाबांनी गाडीची किल्ली धाकट्याच्या हातात ठेवली. “येण्याजाण्याला वापर,” म्हणाले. “यायला जास्त वापर.”

बाबांची खोली तळमजल्यावर होती आणि खिडकी अंगणाकडे. गाड्या त्या अंगणातच लावायच्या. मोठं, सिमेंटचं, एक झाड नाही की छप्पर नाही. परत निघताना स्टिअरिंगला हात लावला की चटका बसायचा. बाबांना लांबचं धूसर दिसायचं, सगळ्या गाड्या सारख्याच वाटायच्या. म्हणून ताईने दुकानातला सर्वांत भडक रोल काढला आणि एकाच दिवशी धाकट्याची अख्खी गाडी आणि उरलेल्या तुकड्यात स्वतःच्या व्हॅनचं बॉनेट पोपटी करून टाकलं.

“आता खिडकीत बसलात की कळेल कोण आलं,” ती बाबांना म्हणाली होती.

“आंधळ्यालाही कळेल,” बाबा म्हणाले होते. ते तिला मुकादम म्हणत आणि धाकट्याला युवराज. “मुकादम, हा रंग बघून युवराज घराबाहेर पडेल का, तेवढं बघ.”

बाबांना जाऊन आता काही महिने झाले होते. धाकट्याची बदली दुसऱ्या गावी झाली होती, तिकडे छापखान्याचीच गाडी मिळणार होती. बाबांची गाडी ताईने मागून घेतली.

“तुझी व्हॅन आहे ना धडधाकट,” धाकटा म्हणाला होता.

“व्हॅनला काय करू? रोज दुपारी बाबांकडे गेलेली गाडी आहे ही. ती मला हवी.”

“बरं, घे. पण रंग राहू दे की पोपटी. कशाला उगीच काढायचा?”

“बाबांची गाडी पांढरी होती.”

 आज सकाळी तो बायकोला घेऊन मदतीला हजर झाला होता. न येऊन चाललं नसतं.

ताईने तयारी लढाईची केली होती. मागच्याच आठवड्यात तिने आपल्या व्हॅनच्या बॉनेटवरचा तुकडा काढला होता आणि त्या बॉनेटने तिला रडकुंडीला आणलं होतं. उन्हात भाजून व्हिनाइल ठिसूळ झालेलं, ओढलं की नखाएवढा कपचा हातात यायचा आणि खालचा सगळा गम पत्र्यावर तसाच. पिवळट, चिवट, वर हात ठेवला तर हात सोडायचा नाही. रॉकेल लाव, त्यावर प्लास्टिकचा कागद पसर म्हणजे ते उडून जात नाही, थांब, मग प्लास्टिकच्या पट्टीने हळूच लोट, पूस, पुन्हा लाव. अंगठ्याने चोळून चोळून गमाच्या गोळ्या करायच्या. तिच्या अंगठ्याची सालं अजून भरून आली नव्हती.

ते फक्त बाबांकडच्या अंगणात सकाळच्या कोवळ्या उन्हात उभं राहिलेलं बॉनेट होतं. धाकट्याची गाडी त्याच अंगणात भर दुपारी उभी राहायची. तिने हिशेबाने दुप्पट रॉकेल आणलं, जुन्या बँक कार्डांच्या पट्ट्या कापल्या, बाबांच्या बनियनचे फडके केले. बनियन कितीही जुनं झालं तरी बाबांनी ते कधी टाकू दिलं नव्हतं. वर हेही म्हणायचे, माझ्या मागे त्यांचा सन्मानाने उपयोग करा.

“चल, सुरू कर गं,” ताई म्हणाली.

भावजयीने बॉनेटच्या कोपऱ्यावर ड्रायर धरला. ताईने पत्रा हाताला सोसेल इतपतच गरम होऊ दिला, नखाने कड उचलली आणि दोन्ही हातांनी, अगदी निजवून, सावकाश मागे ओढायला घेतली. तुटेल म्हणून दात घट्ट आवळले.

तुटलं नाही.

सरळ येत गेलं. पोपटी कापड अंगावरून सरकावं तसं, सगळंच्या सगळं, एका ओढीत. खाली पांढरा रंग निघाला, स्वच्छ, चकचकीत, बाबा रविवारी धुवायचे तेव्हा दिसायचा तसा.

“अगंबाई!” भावजय म्हणाली. “एवढंच? आणि सकाळपासून आम्हाला घाबरवत होतात?”

ताईने पांढऱ्या पत्र्यावर तळहात फिरवला. गुळगुळीत. कुठेच अडकला नाही. मग तिने हातातलं व्हिनाइल उलटं केलं. सगळा गम त्याच्याच पाठीला होता, ओलसर, ताजा. बोट लावलं तर चटकन चिकटलं.

“नशीबवान आहे तुझी गाडी,” ती म्हणाली.

“तूच चिकटवलंस, तुझा हातगुण,” धाकटा म्हणाला. तो खाली बसून चाकाचा नट बघत होता. नटाला काहीही झालेलं नव्हतं.

त्यांनी टप घेतला. टप तर उन्हात पहिला मरतो. तोही चादरीसारखा निघाला. दारं निघाली. भावजय खूष होऊन मोठ्या घड्या घालत होती, यातून मुलीच्या वह्यांना कव्हरं होतील म्हणत होती. ताईचं बोलणं मात्र कमी होत गेलं. तिची थट्टा बंद पडली की काहीतरी बिनसलेलं असतं, हे धाकट्याला माहीत होतं. तो उठून चहा आणायला निघाला.

“चहा नंतर,” ताई म्हणाली. “डिकी राहिलीय.”

डिकीवर भावजयीने ड्रायर धरला, ताईने कड उचलली, आणि कपचा तुटून हातात आला. पुन्हा उचलली, पुन्हा कपचा. खाली पिवळट गमाचा थर. अगदी व्हॅनच्या बॉनेटवर होता तसा. बंपरपासून वर मागच्या काचेकडे, बरोबर एका रेषेपर्यंत. रेषेच्या पुढे सगळं साफ, रेषेच्या मागे सगळं भाजलेलं.

“हे बघा, इथे आलं तुमचं रॉकेल कामाला,” भावजय म्हणाली.

ताई त्या रेषेकडे बघत राहिली. “घरी गाडी कुठे असते गं तुमची?”

“शेडमध्ये. म्हणजे काय, शेड घरमालकाच्या छोट्या गाडीची. ही हातभर लांब. तोंड आत आणि बूड बाहेर, शहामृगासारखं. मी किती वेळा म्हटलं, वर एक पत्रा वाढवून घ्या.”

“आणि छापखान्यात?”

“तिथे मोठी शेड आहे,” ते धाकट्याने सांगितलं. जरा घाईने सांगितलं.

ताईने फडका रॉकेलमध्ये बुडवला, पिळला, गमावर पसरून ठेवला. वर प्लास्टिक दाबलं. आता थांबायचं असतं. गम आपणहून मऊ होईतो हात लावायचा नसतो. घाई केली की तो फासला जातो आणि साफ केलेला भागही चिकट करून ठेवतो. ताईने आयुष्यात फार गोष्टींसाठी इतका धीर धरला नव्हता.

ती मागच्या फळीपाशी गेली. उरलेल्या पोपटी रोलची नळी काढली, पुठ्ठ्यावरचा कंपनीचा शिक्का बघितला, परत ठेवली. दोन्ही गाड्यांना एकच रोल. दुसरा असण्याची सोय नव्हती. इतका भडक रंग तिने आयुष्यात एकदाच मागवला होता.

“तिकडे कुठे लावायचास रे गाडी?” परत येता येता तिने विचारलं. “बाबांकडे.”

“अंगणात. सगळे लावतात तिथे.”

“भिंतीच्या कडेला जरा सावली पडते का दुपारी?”

“पडत असेल. हो, पडते थोडी.”

ताईला ती भिंत पाठ होती. कमरेएवढी होती ती. दुपारी तिची सावली मांजरालाही पुरली नसती.

“का कव्हर घालायचास वरून?”

तिने हे इतक्या सहज विचारलं, जणू हात पुढे करून त्याला पायरी चढायला मदत करत होती. आणि धाकट्याने तो हात धरला.

“हो ना. कव्हरच घालायचो. ऊन केवढं असतं.”

“कव्हर?” भावजय म्हणाली. “आपल्याकडे कुठलं कव्हर?”

ड्रायर बंद होता. शटरखालून रस्त्यावरून जाणाऱ्या एका सायकलची चाकं दिसली आणि गेली.

“होतं एक,” धाकटा म्हणाला. “फाटलं.”

भावजयीने नवऱ्याकडे पाहिलं. मग नजर खाली घेतली आणि आधीच घातलेली व्हिनाइलची घडी उलगडून पुन्हा घालायला लागली. त्या नजरेत आश्चर्य नव्हतं. ताईने ते नसणं टिपलं. म्हणजे हिलाही ठाऊक आहे, तिच्या मनात आलं. सकाळपासून हसतेय, ड्रायरचं बोलतेय, आणि हिलाही ठाऊक आहे.

तिने प्लास्टिक उचललं. गम फुगून पांढुरका झाला होता. तिने पट्टी तिरकी धरून लोटायला सुरुवात केली. गमाची लोळी होत गेली, ती तिने बनियनच्या फडक्यात टिपली. कामाला हात असले की तोंडाला आधार मिळतो.

“बाबा म्हणायचे बघ,” ती डिकीशीच बोलल्यासारखी म्हणाली. “पोपटी व्हॅन येते, पोपटी गाडी येत नाही.”

पट्टीवरचा गम तिने फडक्याला पुसला.

“रोज सकाळी. मी गेले की पहिलं वाक्य. मुकादम, युवराज काल नाही आले. मी म्हणायचे, आले होते बाबा, तुम्ही विसरलात. तुला फोन करून विचारलं की तू म्हणायचास, अगं चांगला तासभर बसलो, चष्मा सापडत नव्हता तो शोधून दिला. मग मी दुसऱ्या दिवशी बाबांना सांगायचे, चष्मासुद्धा शोधून दिला तुम्हाला. ते नुसते चष्म्याकडे बघायचे.”

“ताई, चहा आणू का?” धाकटा म्हणाला.

“पट्टी घे आणि तिकडून लोट. पत्र्यावर टोचू नकोस.”

त्याने पट्टी घेतली. दोघं डिकीच्या दोन टोकांना वाकून गम लोटू लागले.

बाबा खरंच विसरत काही काही. औषध घेतलं की नाही, वार कोणता, दिवा बंद केला का. त्यामुळे सोपं झालं. डॉक्टरांनी विचारलं, मुलगा रोज येतो का? धाकटा म्हणाला, रोज. ताई म्हणाली, रोज. दुपारच्या पाळीला सगळ्या इमारतीत मिळून एकच मावशी, ती वरच्या मजल्यावरच्यांना भरवण्यात गुंतलेली. तिला विचारलं तर म्हणाली, येत असतील, मी कुठे बघत बसते. डॉक्टरांनी मान हलवली. रोज येणारा मुलगाच ज्याला आठवत नाही, त्याला तळमजल्यावर, उघड्या दारापाशी ठेवणं बरं नाही. बाबांना वर हलवलं, जिथे दाराला बाहेरून कडी असते. त्या खोलीलाही खिडकी होती. समोर शेजारच्या इमारतीची भिंत होती आणि भिंतीवर एक पाइप.

हलवताना बाबांनी ताईचा हात धरला होता. “मुकादम, मी विसरत नाहीये.”

“हो बाबा,” ती म्हणाली होती, लहान मुलाला म्हणतात तसं.

“वर नेलं त्या दिवशी तू नव्हतास,” ताई आता म्हणाली. “तू म्हणालास, तुला बघवणार नाही. मला वाटलं, किती हळवा आहे आमचा.”

धाकट्याची पट्टी थांबली होती.

“आणि मग काय झालं माहितेय ना? महिनाभराने असेल. मी गेले तर बाबा म्हणाले, काल युवराज आला होता. बसला होता बराच वेळ. मी इतकी खूष झाले! म्हटलं, औषध लागू पडलं. दुसऱ्या दिवशी तेच, आला होता, गप्पा मारल्या. मी खोदून विचारलं, काय बोलला? तर म्हणाले, छापखान्यातलं सांगत होता. मी तिथूनच तुला फोन केला. अरे, बाबांना आठवायला लागलं, तू आलेला आठवतोय त्यांना. तू काय म्हणालास?”

धाकट्याने पट्टीला लागलेला गम नखाने खरवडला.

“तू म्हणालास, ‘हो का?’ मला वाटलं, आवाज भरून आलाय.” ताईने फडका उलटा केला, कोरडी बाजू वर आणली. “त्यानंतर त्यांनी मला विचारलं, मुकादम, आता आठवतंय ना मला सगळं, मग खाली नेतील का खिडकीपाशी?”

भावजयीच्या हातातलं व्हिनाइल करकरलं. “ताई, मी यांना म्हणायचे...” ती बोलायला लागली आणि थांबली.

“काय म्हणायचीस?”

“काही नाही.”

“चांगलंय. तूही काही नाही, मावशीही काही नाही. मी एकटीच इथे नाक वर करून सगळ्यांना सांगत होते, माझा भाऊ दुपार चुकवत नाही.”

तिचा आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता, आणि धाकट्याला तेच सोसेना. तो कमरेत वाकलेला होता तो तसाच खाली बसला, बंपरला पाठ लावून. रॉकेलचे हात गुडघ्यांवर, काय पुसावं ते न कळून.

“फाटकापर्यंत जायचो मी,” तो म्हणाला. “सुरुवातीला. आतही गेलो काही दिवस. ते मला उठवून बसव म्हणायचे, मी उठवायचो आणि त्यांचं वजनच लागायचं नाही हाताला. ताई, बाबांचं वजन. मला खांद्यावर घेऊन पोहायला न्यायचे ते. मग मी फाटकातूनच वळायला लागलो. बाजारातल्या त्या मोठ्या दुकानाच्या तळघरात गाडी लावायचो. तिथे थंड असतं. बसायचो नुसता. घरी जायची वेळ झाली की निघायचो.”

“तळघरात,” ताई म्हणाली. तिने बॉनेटकडे पाहिलं. ओळख नसलेल्या माणसासारखं ते स्वच्छ पांढरं चमकत होतं. हीच गाडी तिला हवी होती. रोज दुपारी बाबांकडे गेलेली.

तिने किल्ली खिशातून काढली, डिकीवर ठेवली. अजून गम होता तिथे, किल्ली चिकटून बसली.

“ही घेऊन जा तू. मला नको.”

“ताई, असं नका करू,” भावजय म्हणाली. “माणसाला जमत नाही कधी कधी. यांनी झोप घालवलीय त्यापायी. आता बाबाही नाहीत. उकरून काय मिळणार?”

“मी नाही उकरलं. मी गाडीचा रंग काढत होते.” ताई फडका चोळत राहिली, एकाच जागी, जिथला गम कधीच निघून गेला होता. “मला त्याच्या न जाण्याचं एवढं नाही गं. घाबरला, ठीक आहे. घाबरटच होता लहानपणापासून, अंधारात मला पुढे घालायचा. पण एक वाक्य त्याने कुणापाशी तरी बोलायचं होतं. डॉक्टरांपाशी. माझ्यापाशी. कडी लागायच्या आधी.”

“तुम्हाला कसं सांगणार होते हे?” भावजय म्हणाली. “तुम्ही ऐकून घेतलं असतंत?”

“आता तरी कुठे सांगतोय?” ताई म्हणाली. “वजन सांगतो, तळघर सांगतो, थंडावा सांगतो. ते सांगत नाही.”

भावजयीने हातातली घडी स्टुलावर ठेवली. नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि सकाळपासून जो आवाज हसत होता त्याच आवाजात, पण न हसता म्हणाली, “तुम्ही सांगताय का, की मी सांगू?”

धाकट्याने वर पाहिलं. आधी बायकोकडे, मग ताईच्या हातातल्या फडक्याकडे. बाबांच्या बनियनची शिवण अजून त्यावर दिसत होती.

“बाबा विसरत नव्हते, ताई,” तो म्हणाला. “मीच जात नव्हतो.”